उतरत्या हुद्द्याच्या बंदुका

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोरा बंदराला लागते तेव्हा प्रवाशांचे लक्ष पाण्याच्या पातळीवर असते. ओहोटीला इथे गाळ उघडा पडतो आणि लाँच बंद राहते. या विषयावर कोणताही उरणकर तासभर बोलेल. त्याचा दुसरा आवडता, म्हणजे नावडता, विषय सेफ्टी झोनचा. करंजा-मोरा भागात नौदलाचे शस्त्रागार आहे, त्याच्याभोवती सुरक्षा पट्टा आखलेला आहे आणि त्या पट्ट्यात लोकांची पिढीजात घरे आहेत. घर वाढवायचे म्हटले की नकाशा आडवा येतो. शस्त्रांचा शेजार म्हणजे काय, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारे घेतलेली माणसे पाहिल्याचे सांगितले, तेव्हा मुंबईसकट सगळा किनारा हाय अलर्टवर गेला होता. हाती काही लागले नाही. उरणमध्ये मात्र त्या दिवशी घरोघर दारे लागली होती.

नवी हत्यारे कुठे राहतात, हे असे सगळ्यांना ठाऊक आहे. जुनी कुठे जातात, याची चौकशी कोणी करत नाही. वास्तविक त्यांचाही पत्ता याच खाडीत आहे. घारापुरीच्या डोंगरावर दोन ब्रिटिश तोफा आहेत. (घारापुरीवरच्या तीन गावांतल्या एकाचे नावही मोराबंदरच.) मोऱ्याला सागरी पोलीस ठाणे आहे, आणि ठाणे म्हटले की मुद्देमालाची खोली आली. उरण तालुक्यात भिंतीवर, माळ्यावर किंवा पेटाऱ्यात आजोबांची बंदूक असलेली घरे असणारच, कारण कोकणातला कोणताही तालुका त्याला अपवाद नाही. ही सगळी एकाच वंशातली मंडळी आहेत. त्यांचा मागोवा घेतला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जुने हत्यार एकदम निवृत्त होत नाही, त्याचा हुद्दा उतरत जातो. गोऱ्या फौजेने टाकलेले देशी शिपायाला, देशी शिपायाने टाकलेले पोलिसाला, तिथून ते कवायतीच्या मैदानावर किंवा शेताच्या बांधावर. गंजून संपणारी हत्यारे त्या मानाने थोडी. बहुतेकांचा शेवट कागदावर होतो.

आधी तोफा, कारण त्या दिसतात.

उरण म्हणजे पूर्वीचे करंजा बेट. पोर्तुगीज, मग मराठे, मग १७७४ पासून इंग्रज. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टीबरोबर करंजा आणि घारापुरीही इंग्रजांकडे राहिली. एवढ्या सत्ता आल्या-गेल्या म्हणजे प्रत्येकाच्या तोफा मागे राहिल्या असतील असे वाटते. पण किनाऱ्यावरच्या कोणत्याही किल्ल्यात जा, पडलेल्या तोफा जवळजवळ सगळ्या लोखंडी असतात. ज्यांना आपण पंचधातूच्या म्हणतो त्या काशाच्या तोफा गेल्या कुठे? त्या वितळल्या. काशाला भाव होता. जिंकणाऱ्याने त्या नेल्या, आटवल्या, त्यांच्या नव्या तोफा झाल्या, भांडी झाली, नाणी झाली. लोखंडाच्या ओतीव तोफेला वजनाच्या मानाने किंमत नाही आणि किल्ल्यावरून खाली आणायची मजुरीच जास्त. म्हणून ती राहिली. किल्ल्यावर टिकून आहे ती तोफ मोलाची होती म्हणून टिकलेली नाही. ती कोणाला नेण्याजोगी वाटली नाही.

उलट्या दिशेचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. युरोपात युद्ध आले की चर्चच्या घंटा उतरवून त्यांच्या तोफा ओतत. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांच्या हाती पोर्तुगीज चर्चच्या घंटा लागल्या. त्या तोफखान्यात न जाता देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची घंटा, भीमाशंकरची आणि मेणवलीची घंटा त्यातल्याच. त्या काळच्या तोफखान्याची भूक पाहता हे नवलच म्हणायचे.

जिंकलेली तोफ नेता येत नसली तर तिच्या कानात मेख ठोकत. कान म्हणजे बत्ती देण्याचे भोक. पोलादी मेख ठोकून वर मोडून टाकली की तोफ मुकी झाली. किल्ल्यात पडलेली तोफ पाहताना तोंडाकडे पाहून फोटो काढण्याआधी मागच्या बाजूला वाकून हा कान पाहावा. भोक मोकळे असेल तर तोफ सुस्थितीत टाकून दिलेली आहे. बुजलेले असेल तर कोणीतरी घाईत निघून जाताना शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून तिची सोय लावलेली आहे. दोन्ही बाजूंचे आडवे खुंट, ज्यांवर तोफ गाड्यात तोललेली असे, ते तोडलेले असतील तर तोफेला पुन्हा गाड्यावर चढताच येऊ नये अशी व्यवस्था केलेली समजावी. फोटो काढणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक मागे वाकतात.

अशा मुक्या तोफांना बंदरांनी कामाला लावले. तोंड वर करून किंवा खाली करून जमिनीत अर्धी पुरली की जहाजाचा दोर बांधायला तोफेसारखा खुंटा नाही. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या आणि बुरुजांवरच्या तोफा एकदम बेरोजगार झाल्या. फोर्ट भागात रस्त्याच्या कोपऱ्यांवर आणि गोदीच्या आवारात पुरलेल्या तोफा त्यानंतर अनेक पिढ्यांनी पाहिल्या, बहुतेकांनी त्या तोफा आहेत हे न ओळखता.

तोफेच्या अवमूल्यनाची सगळ्यात बोलकी कथा मुलूख-ए-मैदानची आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. वजन सुमारे ५५ टन. ती परंड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ मध्ये मुरार पंडिताने विजापूरला नेली. औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर तिच्यावर स्वतःचा लेख कोरवला. एवढा दरारा असलेली ही तोफ १८५४ मध्ये सातारच्या कमिशनरच्या हुकुमाने निकामी माल म्हणून लिलावात निघाली. बोली चढून चढून चढली ती १५० रुपयांपर्यंत. स्थानिक अधिकाऱ्याला ही रक्कम फार कमी वाटली, शिवाय लोकांचा तोफेवर जीव आहे हेही त्याला दिसत होते. त्याने वर कळवले आणि लिलाव रद्द झाला. ती आज बुरुजावर आहे याचे श्रेय इतिहासप्रेमाइतकेच भंगारवाल्यांच्या चिक्कूपणाला द्यायला हवे. पाचशे रुपये बोली आली असती तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

तोफांच्या बाबतीत आपले वंशज्ञान किती कच्चे आहे याचा नमुना अलिबागला मिळतो. कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यावर असलेल्या दोन तोफा आंग्र्यांच्या म्हणून लोक कौतुकाने पाहतात. त्यांच्यावर डाऊसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर असे नाव आणि १८४९ हे साल आहे. आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले १८४० च्या सुमारास. ज्यांच्या नावाने आपण सेल्फी काढतो त्यांचे राज्य गेल्यावर या तोफा जन्मल्या. घारापुरीच्या डोंगरावरच्या तोफा याहूनही तरुण. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी त्या बसवल्या. सप्टेंबर १९१४ मध्ये एम्डेन या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर गोळे टाकले, मुंबईकडे ती आली नाही. आता त्या नळ्यांवर माकडे बसतात आणि माकडांनंतर पर्यटक. राजभवनावर तर २०१८ मध्ये प्रत्येकी २२ टनांच्या दोन तोफा सापडल्या. सुमारे पाच मीटर लांबीची वस्तू मलबार हिलसारख्या ठिकाणी विसरली जाऊ शकते, मग माळ्यावरची बंदूक विसरली गेली तर दोष कोणाला द्यायचा?

बंदुकीचा वंश तोफेहून चपळ. गोव्याच्या लोहारांनी बनवलेल्या बंदुकांचे कौतुक अल्बुकर्कने १५१३ मध्येच पोर्तुगालच्या राजाला कळवले होते. म्हणजे परदेशी कारागिरी इथल्या हातांनी उचलायला काही वर्षेच लागली. तोड्याची बंदूक, मग चकमकीची, मग केपची. नळी बहुधा तीच राहायची, बदलायचा तो घोडा आणि त्याच्या खालचा भाग. तोड्याची बंदूक चकमकीची करून घेणे, चकमकीची केपवर आणणे हे लोहाराचे नेहमीचे काम. त्यामुळे एखाद्या घरातल्या बंदुकीचे वय विचारले तर उत्तर एक नसते. नळी पणजोबांची, घोडा आजोबांचा, दस्ता वडिलांनी सागवानाचा बसवून घेतलेला. 

हुद्दा उतरण्याचा नियम मात्र सरकारी कागदावर आला तो १८५७ नंतर. काडतुसांवरून पेटलेल्या उठावाचा धडा इंग्रजांनी असा घेतला की देशी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायाच्या बरोबरीचे हत्यार द्यायचे नाही. एनफिल्ड रायफलीची लांब पल्ल्याची नेमबाजी येते ती नळीच्या आतल्या पेचदार खाचांमुळे. देशी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची जी बंदूक काढली तिची नळी आतून गुळगुळीत होती. बाहेरून पाहिले तर बहीण एनफिल्डचीच, आतून पन्नास वर्षे मागे. पुढे १८६६ पासून जुन्या एनफिल्डचा मागचा भाग कापून तिथे उघडझाप होणारा खटका बसवला आणि तिची स्नायडर झाली. गोऱ्या पलटणींना १८७१ ची मार्टिनी-हेन्री मिळाल्यावर स्नायडर देशी पलटणींकडे आली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी स्नायडर घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या शेजारच्या ६६ व्या गोऱ्या पलटणीच्या हाती मार्टिनी-हेन्री होती. एकाच रणात, एकाच ध्वजाखाली, एका पिढीचे अंतर. त्या दिवशी इंग्रजांचा दारुण पराभव झाला, आणि त्याची कारणे अनेक होती. तरी हे अंतर योगायोगाने पडलेले नव्हते, ठरवून राखलेले होते, एवढे खरे. पुढे १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी देशी पलटणींच्या वाट्याला आली. क्रम ठरलेलाच.

आणि देशी पलटणीने टाकलेले पोलिसाकडे. इथे या वंशातले सगळ्यात विलक्षण अपत्य भेटते, ते म्हणजे .४१० मस्केट. थ्री नॉट थ्री नावाने आपण ओळखतो त्या ली-एनफिल्ड रायफलीची नळी रुंद आणि गुळगुळीत करायची. काडतुसांची पेटी असते तिथे लाकडी ठोकळा ठोकून बसवायचा, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरता येईल. थ्री नॉट थ्रीचे काडतूस तोंडाशी निमुळते असते. ते सरळ नळकांड्यासारखे करायचे, म्हणजे पोलिसाचे काडतूस चोरून कोणी खऱ्या रायफलीत घालू शकणार नाही आणि खऱ्या रायफलीचे काडतूस या बंदुकीत चालणार नाही. दहा गोळ्यांची, हजारभर यार्ड पल्ल्याची उत्तम रायफल घ्यायची आणि मेहनतीने ती बिघडवायची. इशापूरच्या सरकारी कारखान्याने हे काम वर्षानुवर्षे केले. सुधारणा करणारे कारखाने जगभर आहेत. पद्धतशीर अवनती करणारा विभाग काढण्याची बुद्धी एखाद्या साम्राज्यालाच सुचावी. पोलीस, तुरुंगाचे पहारेकरी, खजिन्याचे रखवालदार यांच्या खांद्यावर ही मस्केट स्वातंत्र्यानंतरही दिसत राहिली.

उरण तालुक्याला पोलिसी बंदुकीची ओळख दोनदा झाली. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले आणि सरकारी बाजूचे मामलेदार जोशी हेही त्याच गोळीबारात गेले. दुसऱ्यांदा, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनात जासई-नवघरला. तिथे पाच जण गेले. अशा बंदुकांचे पुढे काय होते? हुतात्म्यांची स्मारके झाली, ती दरवर्षी हार घालून राखली जातात. झाडणारी बंदूक कोठारात परत जाते, नंबराने मोजली जाते आणि नवे खाते उघडले की तिचे नाव गळते.

१९६२ नंतर लष्कराने सेल्फ लोडिंग रायफल घेतली, थ्री नॉट थ्री पोलिसांकडे आणि एनसीसीकडे आली. एनसीसीच्या खोलीत जी रायफल कवायतीसाठी मिळते तिच्या नळीला मागच्या बाजूला आरपार छिद्र पाडलेले असते आणि वर डीपी अशी खूण असते. ड्रिल पर्पज. कॅडेट तिचे वजन शिव्या देत वाहतो. ती पूर्वी कुठे होती हे तिच्या अंगावर ठोकलेले नंबर आणि साल वाचले तर कळते, पण कॅडेटला त्या उन्हात वाचनाचा उत्साह नसतो. पोलिसांकडची थ्री नॉट थ्री अधिक काळ टिकली, फार अधिक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर ती होती आणि ते चित्र सगळ्या देशाने पाहिले. दोष त्या रायफलीचा नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या कामासाठी ती बनली होती आणि ते काम ती अजून करू शकत होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात निरोप दिला.

एका हत्याराचा प्रवास इथे नोंदवलाच पाहिजे, कारण हुद्दा उतरण्यातला धोका तो दाखवतो. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या हत्येसाठी वापरले गेलेले ६०६८२४ क्रमांकाचे बेरेटा पिस्तूल इटलीत बनलेले होते आणि ते ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींमार्फत मिळवले गेले. इटलीच्या सैन्यासाठी बनवलेले हत्यार मध्य भारतातल्या एका संस्थानी शहरात विक्रीला असते, याचा अर्थ युद्ध संपले की त्याची हत्यारे गावोगाव पसरतात. ती कोणाच्या हाती पडतील याला कारखाना जबाबदार नसतो आणि शेवटचा विकणाराही स्वतःला जबाबदार धरत नाही.

आता घरातली बंदूक.

१८७८ च्या लिटनच्या शस्त्र कायद्याने देशी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव केले. गांधीजींनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात याच कायद्याचा ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत उल्लेख केला होता. अहिंसेचा पुरस्कर्ता शस्त्रबंदीवर चिडतो याचे आपल्याला आश्चर्य वाटते, पण त्याचा मुद्दा अपमानाचा होता. कायद्याचा परिणाम असा की गावात बंदूक असणे हे प्रतिष्ठेचे झाले. परवाना मिळतो म्हणजे साहेबाचा विश्वास आहे. खोत, पाटील, इनामदार यांच्या ओसरीवरची बंदूक रानडुकरांपेक्षा गावाला जास्त दिसायची.

कोकणात त्या बंदुकीला खरे कामही होते. भाताची शेते डोंगराच्या कडेला, रात्री डुकरे उतरत. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजही आहे. तोंडातून दारू घालायची, वर चिंधी, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. मागे नळकांड्यावर केप बसवायची, घोडा ओढायचा. एक बार काढायला मिनिटभर तरी जाते, तोवर डुक्कर शेजारच्या शेतात. जाणते शेतकरी म्हणूनच डुकरावर नेम धरत नसत, आवाज काढत. या बंदुकीला काळी दारू लागते, धूर सोडणारी. फार जुन्या काडतुसी बंदुकांच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या असत. त्यात आजचे बिनधुराचे काडतूस घातले तर दाब पेलत नाही, नळी फुटते आणि धरणाऱ्याचा डावा हात जातो. दिसायला ती नळी अतिशय सुंदर असते, लाकडाच्या शिरांसारखी नक्षी तिच्यावर उमटलेली असते. त्यामुळेच ती कोणी टाकत नाही आणि त्यामुळेच कधीतरी झाडून पाहण्याचा मोह होतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या बंदुकीचे काम संपवत आणले. कर्नाळ्यासारख्या अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नावही नोंदवावे लागते. उरणमध्ये तर शेतच संपले. सिडकोने जमिनी घेतल्या, १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, भाताच्या खाचरांवर कंटेनर यार्ड उभे राहिले. ज्या शेताच्या रक्षणासाठी परवाना काढला होता ते शेत सातबाऱ्यावरून गेले, परवान्यावर मात्र उरले. कागदाचे असे वेगवेगळे वेग असतात. १९८१ पूर्वीचा परवाना असेल तर त्यावर जिल्हा कुलाबा असे लिहिलेले सापडेल. तो जिल्हा त्या नावाने आता नाही. सातबाऱ्याची तक्रार असेल तर उरणकर रायगडच्या कलेक्टरकडे अलिबागला जातो. बंदुकीचा परवाना असेल तर नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात बेलापूरला. जमीन एका दिशेला, बंदूक दुसऱ्या.

काम संपले तरी बंदूक घरात राहते, कारण खंडेनवमी असते. पुसून, तेल लावून, झेंडूची माळ घालून ती देवघराजवळ ठेवतात. पोलीस ठाण्यांतही त्याच दिवशी शस्त्रपूजन होते, तेव्हा सरकारी आणि खासगी हत्यारांची एवढी एक गाठ पडते. निवडणूक आली की परवानाधारकाला बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितले जाते आणि निकालानंतर ती परत येते. अनेक बंदुकांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत घराबाहेर केलेला प्रवास इतकाच.

अडचण येते ती धारक वारल्यावर. मुले मुंबईत, घराला कुलूप, बंदूक पेटाऱ्यात. ती वारसाहक्काने आपलीच झाली असे घरच्यांना वाटते. कायद्याच्या दृष्टीने मृत्यूच्या क्षणापासून ती परवान्याविना घरात आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे. धारक हयात असतानाही, त्याचे वय ७० झाले असेल किंवा हत्यार २५ वर्षे त्याच्याकडे असेल तर, तो परवाना वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. ठाण्यात जमा झालेली बंदूक ठरलेल्या मुदतीत कोणी सोडवली नाही तर सरकारजमा होते. तोवर मुद्देमालाच्या खोलीत, दमट हवेत, तिच्यावर नंबराचे कागदी लेबल बांधलेले असते आणि आधी लेबल जाते, मग नळी.

सरकारजमा झालेली हत्यारे बहुधा नष्ट केली जातात. बहुधा म्हणायचे कारण असे की कस्टमने जप्त केलेली चांगली विदेशी हत्यारे खासदारांना विकत घेता येतील अशी सोय सरकारने केली होती. या सगळ्या वंशावळीत हुद्दा चढल्याचे हे एक उदाहरण मला सापडते.

शेवटचा मोठा धक्का १४ डिसेंबर २०१९ ला लागू झालेल्या दुरुस्तीने दिला. पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. मूळ विधेयकात हा आकडा एकवर आणायचा होता. माजी संस्थानिकांपासून नेमबाजांपर्यंत ओरड झाली तेव्हा तो दोनवर थांबला. वारशाने आलेल्या बंदुकाही त्या दोनांतच मोजायच्या. तिसरी वर्षभरात जमा करायची, त्यानंतर ९० दिवसांत तिचा परवाना रद्द. ज्या घरी आजोबांची, वडिलांची आणि स्वतःची अशा तीन होत्या तिथे निवड करावी लागली. कोणती गेली असेल याचा अंदाज करायला फार विचार लागत नाही. चालणारी ठेवली, जुनी दिली. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेल्या कायद्याने अनेक ठिकाणी निरुपद्रवी आणि जुनी बंदूक घराबाहेर गेली आणि नवी घरात राहिली. इतिहासाच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा आहे असे माझे मत आहे. जिल्हावार संग्रहालयांनी त्या वर्षभरात ठाण्यांशी पत्रव्यवहार केला असता, निदान फोटो आणि नळीवरचे छाप टिपून घेतले असते, तर कोकणच्या लोहारकामाची मोठी वही तयार झाली असती.

अजूनही वेळ गेलेली नाही. तुमच्या घरात, गावच्या घराच्या माळ्यावर, अशी बंदूक असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. जुनी आहे म्हणजे परवाना लागत नाही, हा समज चुकीचा आहे. कलम ४५ ची सूट फक्त अशा जुन्या किंवा निकामी हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, आणि ते ठरवणारे तुम्ही नव्हे. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ नंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. भंगारवाल्याला विकू नका, तो गुन्हा आहे. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवू नका. शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. झाडून पाहू नका, भरलेली नाही याची खात्री असली तरी नाही. ठासणीच्या बंदुकीत पन्नास वर्षांपूर्वी ठासलेला बार अजून असू शकतो. तिला हात न लावता आधी पोलीस ठाण्याला कळवा आणि न्यायची कशी ते त्यांनाच विचारा. ती रिकामी असल्याची खात्री त्यांच्याकडून झाली की जमा करण्याआधी नळीवरचे आणि दस्त्यावरचे प्रत्येक अक्षर, नंबर, छाप उजेडात टिपून घ्या, जुन्या परवान्याची प्रत काढा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ती कोणी, कुठून, कशासाठी आणली ते विचारून लिहून ठेवा. मग जमा करा आणि पावती घ्या.